उलटा अक्ष

रेघ गुळगुळीत हवी, असे उत्तमराव तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा रीताने खुर्ची बाजूला सरकवली आणि पडद्यावरचा आलेख त्यांना नीट दिसू दिला.

"हे बघ बेटा," ते म्हणाले, "ही अशी करवतीच्या दातांवानी रेघ पाहिली की बैठकीतला माणूस बिचकतो. त्याला वाटतं, तळ्यात काहीतरी खदखदून राहिलंय. रेघ कशी पाहिजे? उतारावरून पाणी सांडावं तशी."

"पाणी सांडावं तशी नको म्हणा साहेब," बाहेरच्या टेबलावरून विश्वंभरभाऊ ओरडले, "तळ्याचाच अहवाल हाय तुमचा!"

उत्तमराव हसले. रीताही हसली.

हिंगोलीच्या स्टेशनरस्त्यावरच्या या दुकानाचे मालक विश्वंभरभाऊ होते. बाहेर लग्नपत्रिका आणि निवेदने टाइप होत. आतल्या खोलीत मात्र गणिताचे काम चाले, आणि ते रीता राठोड एकटी करी. गणितात एम.एस्सी. झाल्यावर तिने लाटेक ही अक्षरजुळणीची संगणकप्रणाली शिकून घेतली होती. त्या प्रणालीत चित्र हाताने काढायचे नसते, लिहून मागायचे असते. अक्ष कुठून निघावा, कुठे थांबावा, खुणा किती अंतराने पडाव्यात, त्यांच्याशेजारी आकडे मराठी असावेत की इंग्रजी, हे सारे शब्दांत सांगायचे. मग यंत्र क्षणभर गप्प राहते आणि पान उमटते. त्या क्षणभराच्या गप्प राहण्याचे रीताला वेड होते. काळोखात हाक मारावी आणि ओ येईपर्यंत श्वास अडकावा, तसे काहीसे. ओ मात्र ज्याला हाक मारली त्याचीच येईल, असे नसते. हे तिला त्या दिवशी कळायचे होते.

आजचे काम तिच्या घरचेच म्हणावे असे होते. सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या पलीकडे, तिच्या तांड्याच्या डोक्यावर एक साठवण तलाव होता. मागच्या वर्षी त्याच्या मातीच्या पाळूतून, म्हणजे बांधातून, ओल झिरपू लागली म्हणून उन्हाळ्यात दुरुस्ती झाली, आणि पाळूच्या पोटात पाणी किती आहे ते कळावे म्हणून माथ्यापासून अकरा मीटर खोल असा एक लोखंडी पाइप उभा गाडला गेला. त्या पाइपातले मोजमाप दर सोमवारी आणि गुरुवारी नोंदवायचे काम पाळूच्या चौकीदाराकडे आले. चौकीदार म्हणजे रीताचे वडील, वसराम. उत्तमराव हे दुरुस्तीसाठी नेमलेले सल्लागार अभियंता. त्यांच्या हाती वहीचे फोटो होते आणि दुपारी एक वाजता बैठक होती. सांडव्यावर वाळूची पोती रचून आणखी दीड फूट पाणी अडवायचे की नाही, याचा निर्णय त्या बैठकीत व्हायचा होता. पोती भरून तयार होती. तळे काठोकाठ होते.

रीताने वडिलांचे आकडे एकेक करून भरले. ओबडधोबड, पाटीवर गिरवल्यासारखे आकडे. जेठात नऊ पूर्णांक साठ. आषाढात नऊ, मग आठ सत्तर. श्रावणात आठ वीस. मग नऊ दिवस कोरे, आणि एकदम सहा दहा. पुन्हा सहा. भादव्यात पाच वीस, चार चाळीस, आणि परवाच्या गुरुवारी तीन साठ. वहीच्या रकान्यावर कुणीतरी कार्यालयीन वळणात लिहिले होते: पाणी, मीटर.

"साहेब," तिने विचारले होते, "जेठात तळं कोरडं होतं. मग पाइपात नऊ मीटर पाणी कसं?"

"चिकणमाती बेटा. ती पाणी धरून ठेवते. मागल्या साली प्यालेलं पाणी पोटात होतं तिच्या. आता पायथ्याला आम्ही निचऱ्याचा थर टाकला, तो काम करून राहिला." त्यांनी बोट पडद्यावर टेकवले. "सात मीटरवर धोक्याची रेषा मार, लाल. बघ, जेठात आपण रेषेच्या वर होतो, आता कुठल्याकुठं खाली. वरून तळं भरतंय आणि आतून पाळू सुकून राहिली. याला म्हणतात दुरुस्ती."

त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. बऱ्याच दिवसांनी हातून काहीतरी चांगले घडल्याचा आनंद होता, आणि त्या आनंदापुढे रीताचा प्रश्न ओशाळून बसला.

"उभा अक्ष शून्यापासून नको," ते म्हणाले. "तीनपासून घे. उतार ठसठशीत दिसेल."

तिने तसे लिहिले. खाली तीन, वर दहा, दर मीटरला एक खूण. आडव्या अक्षावर जेठ, आषाढ, श्रावण, भादवा. आणि बिंदू जोडण्याच्या आज्ञेत एक शब्द वाढवला: स्मूथ. यंत्र गप्प झाले. मग पान उमटले. दातेरी रेघ नाहीशी होऊन तिच्या जागी एक लवचीक, रेशमी वळण आले होते, झोपलेल्या माणसाच्या बरगडीवरून हात फिरावा तसे. फक्त श्रावणाच्या शेवटी ते जरा जास्तच खाली उतरले, सहाच्याही खाली, आणि मग पोट सावरून वर आले.

"हे इथं काय झालं?"

"नऊ दिवस आकडेच नाहीत. रेघ जोरात उतरली आणि एकदम सपाट व्हायला सांगितलं. वळणावर गाडी आवरत नाही तसं झालं."

"दिसायला बराबर हाय. राहू दे."

अकरा वाजता उत्तमराव छापलेला अहवाल काखेत मारून गेले.

जेवणाचा डबा उघडून रीता पुन्हा त्या आलेखासमोर बसली. श्रावणातले ते पोट तिला सोडेना. रेघ तिथे जे बोलत होती ते कुणीही मोजलेले नव्हते. दोन खऱ्या आकड्यांच्या मध्ये यंत्राने आपल्या मनाने पाणी उतरवले होते, आणि किती सुंदर उतरवले होते! गुळगुळीतपणा हा एक प्रकारचा विसर आहे, तिला वाटले. बिंदू आठवतात, रेघ विसरते. तिने तो शब्द खोडून पाहिला. करवतीचे दात परत आले. त्या नऊ दिवसांत दोन मीटरचा कडा उभा राहिला होता. दोन मीटर! ज्या पाळूने आषाढभर बोट-बोट सोडले, तिने नऊ दिवसांत दोन मीटर पाणी कुठे टाकले? आणि त्याच नऊ दिवसांत तर आभाळ फाटले होते. हिंगोलीतसुद्धा बाजारात हळदीच्या पोत्यांखाली पाणी शिरले होते.

तिने वडिलांना फोन लावला. तीनदा लागला नाही. तांड्यात रेंज येत नाही, पाळूवर चढल्यावरच येते. तीन वाजायच्या सुमारास त्यांचाच फोन आला.

"काय वं माय, इतक्या डाव कॉल? जेवली का न्हाई?"

"जेवले बा. मला सांग, श्रावणात नऊ दिवस वही कोरी काहून हाय?"

पलीकडे वसराम हसले. "तीज नव्हती का! पोरी टोपलीतल्या गव्हाला पाणी घालून राहिल्या, गाणं चालू, तुही याडी म्हणे नगारा कोण वाजवंल. तीजेत कोण दोरी सोडतं पाइपात? साहेब रागावला का?"

"न्हाई, न्हाई. मला एवढंच सांग, तीजेच्या आधी आठ वीस होते, मागून सहा दहा. एवढं पाणी उतरलं कसं?"

"कोण म्हनलं उतरलं?"

रीताने न खाल्लेला डबा बाजूला सरकवला.

"दोरी कमी लागून राहिली ना, बाई. आधी नऊ मीटर सोडावी लागे तवा कुठं भिजायची. आता दोन वाव सोडली की दोरीला बांधेल खडा बुडते. मी इमानानं कोरडी दोरी मोजतो, भिजेल मोजत न्हाई. एक बोट हिकडं-तिकडं न्हाई."

दुकानाच्या छपरावर एक कबुतर पाय आपटत चालत होते. रीताला तेवढेच ऐकू येत राहिले.

तांड्याच्या विहिरीवर कुणी कधी पाणी किती आहे असे विचारत नाही. दोर किती लागला, असे विचारतात. उन्हाळ्यात बाया एकमेकींना सांगतात, आज सात वाव लागला बाई; एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढा दोर. आणि ऐकणारीला कळते की पाणी खोल गेले. आकडा वाढला म्हणजे पाणी आटले, आकडा घटला म्हणजे पाणी वर आले. हे रीताला चालायला येण्याआधी येत होते. बारा वर्षे नळाचे पाणी पिऊन ते ती विसरली होती. कार्यालयातल्या कुणीतरी 'पाणी' असे शीर्षक लिहिले. वडिलांनी त्याखाली पाणी लिहिले, त्यांच्या भाषेतले पाणी, म्हणजे दोरी. दोघेही खरे बोलले होते. मधल्या जागी ती बसली होती, दोन्ही भाषा येणारी एकटी, आणि तिने फक्त अक्ष सजवला होता.

"आज मोजलं का, बा?"

"आज सोमवार कुठं हाय? पण तू म्हनती तं मोजतो. दुपारपासून मजूर पोती रचून राहिले सांडव्यावर, आताच झाले. साहेबाचा फोन आला ना तालुक्याहून, अहवाल फस्क्लास हाय म्हने."

"मोज. आत्ता मोज. फोन बंद करू नको."

दोरी लोखंडावर घासण्याचा आवाज आला. तो फारच लवकर थांबला.

"दोन मीटर आन् वर नव्वद. परवापेक्षा बी कमी."

तिने आज्ञांच्या त्या ओळींत आधी एक शब्द घातला. उभा अक्ष उलटा. शून्य वर, अकरा खाली. शीर्षकाच्या जागी 'पाणी' खोडून 'माथ्यापासून खोली'. धोक्याची लाल रेषा चार मीटरवर. अकरातून सात वजा. शेवटी आजचे दोन नव्वद जोडले. यंत्र गप्प झाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा रीताला वाटले की त्याने गप्पच राहावे.

पान उमटले. तेच बिंदू, तेच आकडे, एकही हललेला नाही. पण जे उतरत होते ते आता चढत होते. जेठात तळाशी निजलेली रेघ आषाढात उठून बसली, तीजेच्या नऊ दिवसांत भिंत चढावी तशी चढली, भादव्यात दम न घेता वर येत राहिली आणि गुरुवारीच लाल रेषेतून आरपार निघून गेली. आजचा बिंदू रेषेच्या कितीतरी वर, माथ्याकडे तोंड करून उभा होता. ही रेघ पाळूच्या पोटात होती. आणि पाळूच्या खाली ऐंशी घरे होती.

"बा, याडी कुठं हाय?"

"घरी. काहून?"

"सगळ्यांना घराबाहेर काढ. माळावर जा म्हणावं, देवीच्या ठाण्यापाशी. लेकरं, म्हातारी माणसं, सगळी. ढोरं सोडून द्या. आत्ता."

वसराम एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "दोरीचं काही चुकलं का माय माह्याकडून?"

"तुझं न्हाई बा. तुझं काहीच चुकलं न्हाई. सांग याडीला."

तिने विश्वंभरभाऊंचा फोन मागितला. त्यांनी विनोद करायला तोंड उघडले, तिच्याकडे पाहिले आणि फोन पुढे केला. उत्तमराव पहिल्याच रिंगला बोलले. मागे कुणीतरी चहाचे कप गोळा करत होते.

"झाली बैठक बेटा! तुझ्या रेघेनं काम केलं. सगळे म्हणाले..."

"साहेब, रेघ उलटी हाय."

"काय?"

तिने सांगितले. दोरी, विहीर, वाव, कोरडे आणि भिजलेले. मध्येच त्यांनी तिला थांबवले. "असं कसं होईल? शीर्षकच पाणी आहे. चौकीदाराला एवढं कळत नाही?"

"चौकीदार माझे वडील आहेत," रीता म्हणाली. "त्यांनी बराबर मोजलंय. कोरडी दोरी. जेठात तळं कोरडं होतं साहेब, मी सकाळीच म्हटलं होतं. आज दोन नव्वद आहे."

कपांचा आवाज दूर गेला. उत्तमराव कुठल्यातरी व्हरांड्यात आले असावेत. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता, आणि त्या श्वासात ते आलेख उलटा करून पाहत आहेत हेही. म्हातारे होण्याचा आवाज असेल तर तो असाच असेल.

"पायथ्याला पाणी निघतंय का विचार," ते शेवटी म्हणाले. "आणि निघत असेल तर नितळ आहे की गढूळ. नितळ असलं तर वेळ आहे. मी पोती काढायला सांगतो, तहसीलला कळवतो. गढूळ असलं तर आतून माती वाहून राहिली." त्यांनी कुणाला तरी हाक मारली. "माणसं काढा. आधी माणसं."

दुसऱ्या कानाला लावलेल्या फोनवर आता तांडा ऐकू येत होता. कुत्री, भांडी, एक रडणारे लेकरू, आणि सगळ्यांवर तिच्या आईचा, बेबीबाईचा आवाज. याडीचा आवाज पाळूवरून कसा ऐकू येतो असा प्रश्न तिला पडण्याआधीच तो फोनच्या अगदी जवळ आला.

"काय लावलं गं हे? तुहा बाप येड्यावानी वरून ओरडून राहिला, मी धापा टाकत आली त्याला विचाराया. हंड्यात दाळ शिजत ठेवली मी!"

"याडी, दाळ राहू दे. माळावर जा."

"जातो बाई, निघाली सगळी. नाईकाची म्हातारी तेवढी खाटेवरून उठत न्हाई, म्हनती मी तळं खोदताना पाहिलं, ते मला काय भेव दाखवतं. शेजारच्या खेमानं उचलली तिला खाटेसगट. पर तुह्या बापाला सांग. तो हलत न्हाई."

"बाला फोन दे. आणि तू पुढं हो. याडी, पळ."

फोन हातातून हातात गेला.

"बा, पायथ्याला पाणी हाय का? वरून दिसतंय का?"

"हाय थोडं. सकाळी नव्हतं. दोन बोटाची धार, पायथ्याच्या दगडाखालून."

"रंग कसा हाय?"

वसराम वाकून पाहत असावेत. रीताने डोळे मिटले. आतल्या खोलीत पंखा फिरत होता. पडद्यावरची रेघ मिटल्या डोळ्यांतही चढतच होती.

"हळद कालवल्यावानी," ते म्हणाले.

तिने दुसऱ्या फोनमध्ये तोच शब्द उच्चारला. पलीकडून उत्तमराव तिच्याशी नव्हे, दुसऱ्याच कुणाशी तरी ओरडून बोलू लागले. गाडी काढा. सांडवा मोकळा करा. नको, तिथे माणूस पाठवू नका. गाडी काढा.

"बा, तिथून निघ."

"निघतो. आनखी एक आकडा घेतो आन् निघतो."

"कशाला?"

"तूच तं म्हनली, नऊ दिवस वही कोरी काहून." त्यांच्या आवाजात अपराध होता, आणि त्याखाली एक भोळा अभिमानही; आपल्या हातचे आकडे लेकीच्या कंप्युटरात जातात हे त्यांनी साऱ्या तांड्याला सांगितले होते, हे तिला ठाऊक होते. "आता मधी खाडा पडला तं तुही रेघ तुटंल ना, माय."

"तुटू दे!" ती इतक्या जोरात ओरडली की बाहेर पत्रिका निवडणारी दोन माणसे उठून उभी राहिली. "बा, रेघ तुटू दे. पाइप सोड. दोरी तिथंच टाक. पाळूवरून माळाच्या अंगानं चल, खाली तांड्याकडं उतरू नको. चालू लाग."

दोरी टाकल्याचा आवाज तिला आला नाही. पावलांचा आला. ओल्या मुरुमावरची, वय झालेल्या माणसाची घाईची पावले.

"चाललो," वसराम म्हणाले. "तुही याडी माळावर पोचली, दिसून राहिली. पदर हलवती."

"बा, किती राहिलं?"

"असंल दोन-अडीचशे पाऊल." मग पावले एकाएकी मंदावली. "माय, हितं पाळूवर भेग पडली. सकाळी न्हवती. बोट जाईल एवढी... न्हाई, हात जाईल."

"ओलांड. बघत उभा राहू नको."

विश्वंभरभाऊ दारात येऊन उभे होते. त्यांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. दुसऱ्या फोनवर उत्तमराव तिला हाक मारत होते, बेटा, ऐकतेस का, चौकीदार खाली आला का. तिने तो फोन टेबलावर पालथा ठेवला.

"ओलांडली," वसराम म्हणाले. श्वास लागला होता. मागे कसला तरी आवाज होता, पावसाचा नव्हे, वाऱ्याचा नव्हे. मोठे जनावर कूस बदलते तसा.

"बा, मागं पाहू नको. बोलत राहा," रीता म्हणाली. "काहीही बोल. फक्त बोलत राहा."